विसाव्या अध्यायाशी अडलेलं पुस्तक

खडकीच्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. त्यांच्या बायबलशेजारी थॉमस अ केम्पिसच्या 'इमिटेशन ऑफ क्राइस्ट' या ख्रिस्ती भक्तिपुस्तकाची खिशात मावेल एवढी इंग्रजी प्रत सापडली. समासात जागोजागी पेन्सिलीने तारखा आहेत. मी तीनदा वाचायला घेतलं. दर वेळी पहिल्या भागाच्या विसाव्या-बाविसाव्या अध्यायाशी आले की मन खचतं आणि पुस्तक परत कपाटात जातं. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, सहाशे वर्षांपूर्वीचा मठातला माणूस 'शिकू नका' म्हणतो, त्याचं आता काय करायचं? आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, ते कॅथलिकांचं पुस्तक, आपलं नव्हे. बुधवारी आमच्याकडे पाच-सहाजणी प्रार्थनेला जमतो. तिथे हे वाचावं असं मनात आहे. वाचावं, की आठवण म्हणून नुसतं जपून ठेवावं?"

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे समासातल्या तारखा. पुस्तकाआधी त्याच वाचा. वहीत दोन रकाने करा. एकात भाग आणि अध्यायाचा क्रमांक, दुसऱ्यात तारीख. तासाभरात यादी होईल. तारखा पानांच्या क्रमाने पुढे सरकत असतील, तर सासूबाईंनी पुस्तक सलग वाचलं. एकाच अध्यायाशी निरनिराळ्या वर्षांच्या तीन-चार तारखा आणि मधले दहा-बारा अध्याय कोरे असं दिसलं, तर त्या काही ठराविक ठिकाणी पुन्हा पुन्हा येत होत्या. आमचा अंदाज दुसऱ्या प्रकाराचा आहे, कारण या पुस्तकाशी ज्यांचं आयुष्यभर जमतं ते सहसा तसंच वाचतात. तुम्ही अडता त्याचं कारणही इथेच आहे. तुम्ही पहिल्या पानापासून सरळ पुढे जाताय, आणि हे पुस्तक त्यासाठी लिहिलेलंच नाही.

थॉमस हा आजच्या जर्मनीतल्या केम्पेन गावचा, जन्म १३८० च्या सुमाराचा. शिक्षण नेदरलँड्समधल्या डेव्हेंटरला झालं आणि पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य झ्वोले शहराजवळच्या सेंट अ‍ॅग्नेसच्या टेकडीवरल्या मठात गेलं. हाताने पुस्तकं उतरवून काढणं हे त्याचं काम. मठात नव्याने आलेल्यांना वळण लावणं, हे दुसरं. ज्या भक्तिपरंपरेत तो वाढला तिथे एक सवय होती. वाचताना किंवा ऐकताना मनाला लागलेलं वाक्य आपल्या वहीत टिपून ठेवायचं आणि नंतर त्यावर मनन करायचं. अशा वहीला लॅटिनमध्ये 'रापियारियम' म्हणत. 'इमिटेशन' त्या वहीच्या जातीचं आहे. छोटी वाक्यं, बरीचशी जोडीजोडीने येणारी, मूळ लॅटिनमध्ये तर ठेक्यात आणि कुठे कुठे यमकातही. एका वाक्याचा पुढच्याशी संबंध असेलच असं नाही.

आपल्याकडे धर्मग्रंथ हातात घेतला की मनात पारायण येतं. ख्रिस्ती घरातही ती सवय मुरलेली आहे. 'वर्षात अख्खं बायबल' हे काय वेगळं असतं? या पुस्तकाचं पारायण करायला गेलात तर चौथ्या दिवशी सगळे अध्याय सारखेच वाटू लागतात आणि सातव्या दिवशी डोक्यावर ओझं होतं. याची जात मनाच्या श्लोकांची. एक घ्यायचा आणि दिवसभर घोळवायचा.

आता रचना समजून घ्या, म्हणजे कुठे शिरायचं ते कळेल. पुस्तकाचे चार भाग आहेत. अध्याय अनुक्रमे २५, १२, ५९ आणि १८, एकूण ११४. पहिल्या भागात आध्यात्मिक जीवनाच्या सूचना, दुसऱ्यात अंतर्मुख होणं, तिसऱ्यात प्रभू आणि शिष्य यांचा संवाद, चौथ्यात ख्रिस्तप्रसाद, म्हणजे तुमच्या मंडळीच्या भाषेत प्रभुभोजन. हे चार भाग सुरुवातीला सुटे सुटेही फिरत होते. थॉमसच्या स्वतःच्या हातची १४४१ ची प्रत ब्रुसेल्सला जपलेली आहे आणि तिच्यात प्रभुभोजनाचा भाग तिसरा आणि संवादाचा चौथा आहे. तेव्हा क्रम मोडला तर काही पाप लागत नाही.

विसाव्या अध्यायाशी नेमकं काय होतं ते बघा. विसावा एकांत आणि मौनाचा. एकविसावा अंतःकरणाच्या टोचणीचा, बाविसावा माणसाच्या दैन्याचा, तेविसावा मरणाच्या चिंतनाचा, चोविसावा न्याय आणि शिक्षांचा. या चोविसाव्यात आळशांना तापलेल्या टोचण्या आणि खादाडांना भूक-तहान अशा मध्ययुगीन शिक्षाही आहेत. पाच अध्याय एकामागून एक, सगळे काळोखाकडे जाणारे. ते लिहिले मठात नव्याने आलेल्या तरुणांसाठी, ज्यांना घरदार नव्हतं, जेवणाची काळजी नव्हती आणि ज्यांच्या आसपास चोवीस तास माणसं होती. अशांना मरणाची आठवण करून द्यावी लागते. घरातलं माणूस जाऊन वर्षच झालंय अशा बाईला ती करून द्यावी लागत नाही. पुस्तक चुकलेलं नाही, तुम्हीही नाही, हे औषध या वेळी तुमचं नव्हे इतकंच.

हे पथ्य आमच्या मनचं नाही. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला या पुस्तकाचा मोठा चाहता. त्याने आध्यात्मिक साधनेची जी चार आठवड्यांची पद्धत घालून दिली, तिच्यात 'इमिटेशन' अधूनमधून वाचायला सांगितलं आहे ते दुसऱ्या आठवड्यापासून. पहिला आठवडा स्वतःच्या पापांवर चिंतन करण्याचा असतो, तिथे ही शिफारस नाही. ते पाच अध्याय वर्षभर बाजूला ठेवा. नंतर तेविसावा हवा तर ईस्टरआधीच्या उपवासकाळात एकदा, दिवसाउजेडी वाचा. आणि मन खचणं पुस्तक मिटल्यावरही जात नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, तर डॉक्टरांना दाखवा आणि पाळकांशी बोला. तिथे कुठलंही भक्तिपुस्तक पुरं पडत नाही.

मग सुरुवात कुठून? दुसऱ्या भागाच्या सहाव्या अध्यायापासून. विषय निर्मळ विवेकाचा आनंद. त्यातला एक विचार असा, की कोणी स्तुती केली म्हणून तू जास्त पवित्र होत नाहीस आणि कोणी निंदा केली म्हणून हलका ठरत नाहीस. जो आहेस तो आहेस. मठ असो की खडकी बाजार, हे सगळीकडे लागू पडतं. पुस्तक सहाशे वर्षं टिकलं ते अशा जागांमुळे. मोठे सिद्धान्त त्यात फार नाहीत. कोणी चार शब्द बोललं की आपलं मन दिवसभर कुठे कुठे फिरतं, याची मात्र त्याला पक्की माहिती आहे.

त्यानंतर पहिल्या भागातले सोळावा, दहावा, चौदावा आणि तेरावा, याच क्रमाने. सोळावा दुसऱ्यांचे दोष सोसण्याचा. स्वतःला हवं तसं घडवणं आपल्याला जमत नाही, मग दुसरा आपल्या मनासारखा व्हावा हा हट्ट कशाला, असा त्याचा बिनतोड प्रश्न आहे. दहावा जास्तीच्या बोलण्याचा आणि चौदावा घाईने कुणाबद्दल मत बनवण्याचा.

तेराव्यावर जरा थांबा, कारण या पुस्तकातली सगळ्यात उपयोगी कारागिरी तिथे आहे. मोह कसा चढतो याच्या पायऱ्या तो मोजून दाखवतो. आधी नुसता विचार येतो. मग त्याचं चित्र मनात ठसतं. मग गोडी लागते, मग मन तिकडे झुकतं आणि शेवटी होकार. दार उघडायच्या आधी, उंबऱ्यावरच अडवा, असं तो सांगतो. एक साधा प्रयोग करा. जाऊबाईंच्या बोलण्याचा राग, मोबाइलवर वाया जाणारा तास, अमुक वस्तू हवीच हा ध्यास, यातलं काहीही एक घ्या आणि आठवडाभर रोज रात्री फक्त एवढंच लिहा की आज कितव्या पायरीवर लक्षात आलं. बहुतेकांना पहिले काही दिवस शेवटच्या पायरीवरच जाग येते. ती एक पायरी अलीकडे आली की अध्याय कामाला लागला. याच भागाचा अकरावा अध्याय म्हणतो, की वर्षाला एक दोष जरी मुळासकट काढला तरी आपण लवकरच पूर्णत्वाला पोहोचू. वर्षाला एक, हे प्रमाण लक्षात ठेवा. लोक पहिल्याच महिन्यात सात दोषांची यादी करतात आणि दुसऱ्या महिन्यात पुस्तक सोडतात.

तिसऱ्या भागातून सुरुवातीला दोनच. तेविसावा, ज्यात मोठी शांती देणाऱ्या चार गोष्टी आहेत. स्वतःच्या मनाऐवजी दुसऱ्याच्या मनाप्रमाणे करणं, जास्तीपेक्षा कमी पत्करणं, खालची जागा शोधणं, आणि देवाची इच्छा आपल्यात पूर्ण व्हावी अशी कायम प्रार्थना करणं. आणि सत्तावन्नावा, जो हातून चूक झाल्यावर खचून न जाण्याचा आहे. तुमच्यासाठी हे विसाव्या अध्यायावरचं औषध आहे. सत्तावन्नाव्याच्या पानावर सासूबाईंची तारीख आहे का, जरूर बघा.

रोजचं वाचन दहा मिनिटांचं पुरे, पण वेळ ठरलेली हवी आणि शक्यतो सकाळची. थकलेल्या डोक्याने रात्री वाचलं की याची कडक वाक्यं दुप्पट कडक लागतात. आवाज काढून वाचा. ते कानासाठी रचलेलं आहे आणि डोळ्यांनी वाचताना निम्मं निसटतं. एखादं वाक्य लागलं की तिथेच थांबा, अध्याय संपवायचा आग्रह नको. ते वाक्य स्वतःच्या शब्दांत प्रार्थना म्हणून देवापुढे मांडा. मग आजच्या दिवसात त्याचं काय करणार ते एक ठरवा, करता येण्याजोगं. 'नम्र होईन' हे ठरवणं नव्हे. 'दुपारी फोनवर अमक्या विषयावर बोलणार नाही' हे ठरवणं. शेवटी तारीख. अर्ध्या पानाखाली रेघा ओढू नका, महिन्याभराने त्यातली कुठली खरी होती ते कळेनासं होतं.

या पद्धतीत हमखास बिघडतं ते एका जागी. वाचता वाचता मनात येतं, "हे तर तिला अगदी लागू पडतं!" तसं झालं की पुस्तक मिटा आणि दुसऱ्या दिवशी तोच अध्याय पुन्हा घ्या. आणि याहून गंभीर गोष्ट म्हणजे आज्ञाधारकपणा आणि दुःख सोसण्यावरचे अध्याय दुसऱ्याला वाचून दाखवण्यासाठी नाहीत. मठातल्या माणसाने ते व्रत आपण होऊन घेतलेलं होतं. घरात मार खाणाऱ्या बाईला किंवा पगार अडवलेल्या कामगाराला 'बघ, केम्पिस सोसायला सांगतो' म्हणणं हा या पुस्तकाचा सरळ गैरवापर आहे. तुमच्या बुधवारच्या मंडळींत कोणी अशा परिस्थितीत असेल तर हे अध्याय अजिबात काढू नका.

मुलाच्या आक्षेपात तथ्य आहे, पण निम्मंच. पहिल्या दोन-तीन अध्यायांत विद्येवर बरेच फटके आहेत. नम्रता नसेल तर त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या एकत्वावर, मोठा वाद घालून काय मिळणार, टोचणीची व्याख्या येण्यापेक्षा टोचणी जाणवलेली बरी, वगैरे. पण तिसऱ्याच अध्यायात तो स्पष्ट म्हणतो, की विद्येला दोष देऊ नये, ती चांगलीच आहे, फक्त निर्मळ विवेक तिच्याहून वर. ज्याने आयुष्य पुस्तकं उतरवण्यात घालवलं, बायबल तर एकाहून अधिक वेळा, तो शिकण्याविरुद्ध कसा असेल? त्याचा रोख मिरवण्याच्या विद्येवर आहे. एकांताचं कौतुक मात्र तो जरुरीपेक्षा जास्त करतो, हे मुलाला मान्य करून टाका. संसार, मुलंबाळं, पगाराची नोकरी यांबद्दल या पुस्तकाला सांगण्यासारखं फारसं नाही. ते दुसरीकडून घ्यावं लागतं. मठाबाहेरच्या माणसाला याचा उपयोग काय, असं त्याने विचारलं तर एक नाव सांगा. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हमरशोल्ड. १९६१ मध्ये काँगोच्या संघर्षात मध्यस्थीसाठी जाताना विमान कोसळून ते गेले. लिओपोल्डव्हिलला (आजचं किन्शासा) ज्या खोलीत उतरले होते तिथे हे पुस्तक होतं, आणि पानांत खुणेसाठी ठेवलेला कागद त्यांच्या पदाच्या शपथेचा होता.

मंडळीतल्या बाईंना वर्षं सांगा. थॉमस १४७१ मध्ये वारला आणि ज्याच्यापासून प्रोटेस्टंट वेगळे झाले तो मार्टिन ल्यूथर १४८३ मध्ये जन्मला. ज्या भिंतीच्या पलीकडे हे पुस्तक ढकलायचं, ती तेव्हा बांधलेलीच नव्हती. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी १७३५ मध्ये याची इंग्रजी आवृत्ती स्वतः काढली आणि वाचण्याच्या सूचनाही दिल्या, त्या वर सांगितलेल्यांपेक्षा फार वेगळ्या नाहीत. ठरलेली वेळ, शुद्ध हेतू, सावकाश वाचन आणि शेवटी छोटी प्रार्थना. आणि कुंपणाचंच म्हणायचं तर स्वामी विवेकानंदांनी १८८९ मध्ये याच्या काही भागाचं बंगालीत भाषांतर करून प्रस्तावना लिहिली आणि त्यात त्यांना दास्यभक्ती दिसली. बाईंची शंका खरी ठरते ती चौथ्या भागापुरती. तिथली प्रभुभोजनाची समजूत कॅथलिक आहे. म्हणून काही प्रोटेस्टंट आवृत्त्यांत तो भाग गाळलेला असतो. तुमच्या प्रतीची अनुक्रमणिका मोजा, तीनच भाग असतील तर तेच झालं आहे. बुधवारी तो न घेतलेला बरा. वादात संध्याकाळ जाईल आणि पदरात काही पडणार नाही.

बुधवारसाठी हिशेब सोपा आहे. पहिले दोन भाग मिळून ३७ अध्याय, त्यातले बाजूला ठेवलेले पाच वजा केले की ३२. आठवड्याला एक धरला तर साडेसात महिने. पहिल्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय बारावं वचन आधी वाचा, कारण पुस्तकाचं पहिलंच वाक्य तिथून घेतलेलं आहे. पुढेही दर वेळी हाताशी पवित्र शास्त्र असू द्या. स्तोत्रांचे तुकडे याच्या वाक्यांत न सांगता मिसळलेले असतात आणि ते ओळखण्यात वेगळीच मजा आहे.

इंग्रजी वाचून मराठीत सांगायचं असेल तर तीन शब्दांशी सांभाळा. पहिला, जगाचा 'तिरस्कार'. लॅटिन शब्दात हलकं लेखण्याचा भाव आहे, द्वेषाचा नाही. 'जगाला फार भाव न देणं' म्हटलंत तरी चालेल, 'तिरस्कार' मात्र नको. दुसरा शब्द इंग्रजीत 'कंपंक्शन' असा येतो. त्याला 'पश्चात्ताप' म्हटलं की तो थंड पडतो. मूळ लॅटिन धातूचा अर्थच टोचणं असा आहे. आपला 'टोचणी' हा शब्द इंग्रजीपेक्षाही जवळचा, तोच वापरा. तिसरा, तिसऱ्या भागात प्रभू शिष्याला वारंवार हाक मारतो ती. इंग्रजीत 'माय सन' असतं. तिथे 'माझ्या पुत्रा' म्हणू नका, नाटकी वाटतं. 'लेकरा' म्हणा. उलट बाजूने शिष्य देवाशी बोलतो ते अर्थातच 'तू'ने. जुन्या इंग्रजीतलं 'दाउ' आज परकं वाटतं. अभंगांवर वाढलेल्या मराठीला तो प्रश्नच नाही. तिसरा भाग कधी घेतलात तर दोघींनी दोन आवाजांत वाचा. जुन्या छापील प्रतींत कोण बोलतंय हे नेहमी स्पष्ट नसतं, आणि शिष्याचं रडगाणं प्रभूचं वचन समजण्याची चूक सहज होते.

चर्चा वीस मिनिटांवर नेऊ नका. दहावा अध्याय बोलण्यावर टीका करतो खरा, पण शेवटी त्यालाही कबूल करावं लागतं, की समान मनाच्या माणसांनी देवाबद्दल केलेल्या गप्पांनी प्रगती होते. तुमच्या बैठकीला एवढी परवानगी पुरे.

सासूबाईंची प्रत रोजच्या वापरात घेऊ नका. पिवळ्या पडलेल्या जुन्या कागदाला घडीवर चीर जाते आणि खिशातल्या आवृत्तीची शिवण आधी सुटते. झेरॉक्ससाठी पालथी दाबाल तर पाठ मोडेल. अर्धवट उघडून मोबाइलने फोटो काढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत चिकटा पिवळा पडून अक्षरांत उतरतो. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीत तर ओल आत कोंडून बुरशी धरेल. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, कपाटाच्या भिंतीकडच्या बाजूला ठेवू नका आणि पावसाळा सरला की सावलीत वारा द्या. कसर दिसली तर मऊ ब्रशने पान न् पान झाडा. डांबराच्या गोळ्या पानांत नकोत.

वाचायला दुसरी प्रत घ्या. सोप्या इंग्रजीत हवी असेल तर लिओ शर्ली-प्राइस यांचं १९५२ चं भाषांतर चांगलं आहे. कॅम्पातल्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत विचारा, नाहीतर अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत चाळा. जुनी भाषांतरं आता हक्कमुक्त असल्याने इंटरनेटवर फुकट मिळतात. फक्त विकत घेण्याआधी अध्यायांचे आकडे जुळवून बघा. 'निवडक' किंवा 'रोजच्या वाचनासाठी' म्हणून निघालेल्या आवृत्त्यांत अध्याय मोडून टाकलेले असतात, आणि मग सासूबाईंच्या तारखा कशाशीच जुळणार नाहीत.

नवी प्रत आली की वहीतल्या यादीवरून त्या तारखा तिच्या समासात उतरवून घ्या. खाली दोन ओळींची जागा सोडा, तिथे तुमची तारीख येईल. शाईने मात्र नको, पेन्सिलीनेच.